मानपूरला सहा टक्के

सांवेर रोडच्या शेडमध्ये रईसभाईनं ही खोली वेल्ड केली,
साडेसहाशे किलोंची, दोन चाकांवरची, पोपटी पत्र्याची.
शरच्चंद्रनं मापं काढली कंपासपेटी उघडून,
बत्तीस वर्षं पोरांना ड्रॉइंग शिकवलेल्या हातानं,
आणि मला एवढंच विचारलं, खिडकी कुठे हवी?
मी म्हटलं, ओट्यासमोर.

जाताना सोपं होतं.
भेरूघाटाच्या उतारावर गाडी ब्रेक लावता लावता
स्वतःच स्वतःला भरत होती,
एक्केचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस,
आणि हा प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होता
लिलावात बोली चढावी तसा.
मागून खोली ढकलत होती
आणि त्या ढकलण्याचीही वीज होत होती.
"बघ," म्हणाला, "ओझं कमावतंय."

खलघाटला दोन रात्री. नर्मदा, डास, वांग्याचं भरीत.

येताना त्याच घाटानं व्याजासकट वसूल केलं.
गुजरीलाच त्यानं टाकीतलं पाणी सोडून दिलं,
चाळीस लिटर, रस्त्याच्या कडेच्या बाभळीला.
मी एक किटली भरून मागे ठेवली, सांगितलं नाही.
मग पंखा बंद, रेडिओ बंद, बोलणं बंद.
(बोलण्याला वीज लागत नाही हे त्यालाही ठाऊक होतं.)
ट्रक भोंगे देत पुढे गेले,
उसाची एक ट्रॉलीसुद्धा गेली.
शेवटच्या वळणावर तो सीटवर पुढे झुकून बसला,
जणू तेवढ्यानं गाडी हलकी होणार होती.

मानपूर. सहा टक्के.
चार्जर होता टायरवाल्याच्या आणि शौचालयाच्या मधोमध,
खांबांमध्ये जागा एकाच गाडीची.
गाडीला जागा होती, तिच्या संसाराला नव्हती.
मग दिव्यांचा प्लग काढला, साखळी काढली,
हँडल फिरवून पुढचं छोटं चाक टेकवलं,
चाकांमागे विटा.
कडी सुटली तशी गाडी
दप्तर फेकून पळणाऱ्या पोरासारखी गेली.
मी म्हटलं, बसते मी आत.

आधी एका बाईनं कडेवरचं पोर पुढे केलं,
सुई इथेच टोचतात ना?
मग दोन मुलं आली, सिमकार्ड मागत.
मग एक ट्रकवाला, मफलर, डोळे तांबारलेले,
खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकून म्हणाला,
"चाय मिलेगी, भाभीजी?"

त्याचं काय चुकलं?
खिडकी ओट्यासमोर, आत गॅस, साखरेचा डबा, आणि मी.
रस्त्यावरून पाहिलं तर दुसरं काय दिसणार?
नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि विचारलं, "शक्कर कितनी?"

किटलीत चारच कप निघाले.
त्याचा क्लीनर आला, टायरवाला आला,
चौथा कोण होता मला अजून माहीत नाही,
उभ्या उभ्या प्यायला, दूध चांगलं आहे म्हणाला.
पैसे नको म्हटलं तर ट्रकवाला रागावला,
"बोहनी का टाइम है, भाभीजी, ना मत बोलो."
दहाच्या चार नोटा साखरेच्या डब्याखाली.
एकसष्टाव्या वर्षी बोहनी.
शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं फीच्या पावत्या फाडल्या,
पण ते पैसे कधी माझ्या हातात असे
गरम नव्हते लागले.

सव्वा तासानं शरच्चंद्र आला,
गाडी मागे घेत, आरशात बघत, बोटभर हुकत,
तिसऱ्या खेपेला कडी बसली.
साखळी, प्लग. उजवा दिवा लागेना, मग लागला.
विटा मी उचलल्या.
आत बसताना त्याचा चेहरा उजळला होता.
म्हणाला, "ऐंशी!"
मी म्हटलं, "चाळीस."

त्याला वाटलं वेग सांगितला.
मान हलवली, समंजसपणे,
आणि राऊपर्यंत काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही.
मागे खोली शहाण्यासारखी येत होती,
चार कप एकमेकांवर वाजवत,
न धुतलेले.