झेरॉक्समध्ये हळद

उद्या साडेदहाला कौटुंबिक कायदा.
आत्ता रात्रीचे साडेनऊ, आणि मी
स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसतोय.
आई म्हणते, दिवाळीत सांगत होते तेव्हा नाही सुचलं.

स्वतःला तारीख देतो : दहा वाजता बसायचं.
दहा वाजता पक्षकार गैरहजर.
पक्षकार मोरीत उकिडवा,
सँडलचं बक्कल जुन्या ब्रशने घासतोय.
पुढची तारीख, पावणेअकरा.

मेघश्यामचा मेसेज : सपिंड नातं पाठ झालं का?
आईकडून तीन पिढ्या, बापाकडून पाच.
स्वतःला एक धरून पेरांवर मोजायला घेतो
आणि चौथ्या पेरावर अडतो.
पणजोबांचं नाव घरात कुणालाच येत नाही.
म्हणजे देवरुखला आत्याला फोन,
म्हणजे सहज अर्धा तास.
आनंदाने लावतो.
आत्या नाव सांगत नाही, माझ्या लग्नाचं विचारते.

तसं हेच तर करतो रोज.
सकाळी कॉलेज, मग डिमेलोकाकांचं दुकान,
वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयापासून दोन मिनिटांवर.
लोकांच्या संसाराच्या तीन-तीन प्रती काढतो :
रेशनकार्ड, पगाराची स्लिप, मुलाच्या फीची पावती,
आमचे येथे श्रीकृपेकरून,
आणि फोटो, सप्तपदीचा, पुरावा म्हणून.
कलम सात सांगतं, सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण.
फोटोत बहुधा चौथंच असतं,
आणि झेरॉक्समध्ये हळद काळी येते.
एकदा एक बाई म्हणाल्या, जरा फिकट करा ना.
केलं फिकट. नवरा दिसेनासा झाला.
चालेल, म्हणाल्या.

सव्वाअकरा. पुस्तक उघडतो एकदाचं.
कलम तेरा ब, परस्पर संमती.
अर्ज दिलात? आता सहा महिने थांबा, बघा मन बदलतं का.
आणि मी दीड तास ढकलला
तर आईला मी आळशी वाटतो.

मंगळवारी आले होते दोघं.
हेमांगी, अर्जदार क्रमांक एक.
रोहिदास, अर्जदार क्रमांक दोन.
एकाच पेनने सह्या केल्या, पेनही माझंच.
बिल वेगवेगळं करू का, विचारलं
तर ती म्हणाली, एकत्रच करा,
ह्याच्याकडे सुट्टे कधी नसतात.
तो तरी खिसे चाचपत राहिला,
शर्टाचा, पँटचा, परत शर्टाचा.
अठ्ठेचाळीस झाले. तिने पन्नासची नोट दिली.
दोन रुपयांचं नाणं काउंटरवर ठेवलं मी
दोघांच्या बरोब्बर मधे.
कुणीच उचललं नाही.
हाक मारेपर्यंत रस्ता ओलांडून गेले,
रिक्षा आडवी आली तेव्हा
त्याचा हात तिच्या कोपराकडे गेला
आणि अर्ध्यात थांबला.

कलम सत्तावीस बघितलं मी मुद्दाम.
लग्नात दोघांना मिळून मिळालेल्या वस्तूंचं आहे त्यात.
ह्याचं काही नाही.
सिलॅबसमध्येही नाही, म्हणजे सोडून द्यायला हरकत नाही,
पण नाणं अजून शर्टाच्या खिशात आहे
आणि शर्ट तीनदा धुतलाय.

पावणेबारा.
पुसलेला पंखा भलताच जोरात फिरतो,
तेरावरून पान सारखं नऊवर येतं :
नांदायला परत बोलवण्याचा अर्ज.
खिशातून नाणं काढून पानावर ठेवतो.
टिकतं.

आतून आई विचारते, झालं का रे?
हो, म्हणतो,
पंख्याचं झालं.