दुसरा शनिवार

सांगलीच्या गावभागात, टायरच्या दुकानावर,
लोखंडी जिना चढून जायचं.
खाली भिंतीवर पुराची रेघ आहे, माझ्या कानापर्यंत येणारी.
सुकुमार उपाध्ये म्हणतो, कविता वरच्या मजल्यावरच बरी,
खाली कागद टिकत नाही.

वहीत नाव लिहायचं. प्रत्येकाला तीन मिनिटं.
दोन चाळीस झाली की दस्तगीर
स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतो.
दिवसभर तो मिरजेत तंबोऱ्यांना तारा चढवतो,
तेव्हा पेला कुठल्या सुरात आहे ते त्याला ठाऊक असणार.
विचारलं तर म्हणतो, तुम्ही कविता वाचा.

मी मार्केट यार्डात दिवाणजी.
एकोणतीस वर्षं हळदीचे सौदे लिहितोय.
पोतं उघडतं, मूठभर माल बाहेर येतो,
आणि तोंडातून आकडा काढायच्या आधी
व्यापारी एक हळकुंड मोडतो.
कट्.
आतला रंग बघतो.
वरून पॉलिश काय, कुणीही करतं.

हे मी इथं कुणाला सांगितलेलं नाही.
इथं मी नुसता काका.

पहिल्या स्लॅमला मी चंद्रावरची कविता वाचली.
परीक्षक तीन : एक दातांचे डॉक्टर,
एक बँकेतल्या बाई,
आणि एक जो कोणी वेळेवर आला होता तो.
पाटीवर खडूनं गुण : पाच, सहा, साडेपाच.
तो अर्धा गुण कशाचा
हे मी घरी पोचेपर्यंत शोधत होतो.
बहुतेक मधे थांबून चष्मा पुसला, त्याचा.

तेजराज नावाचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा आहे.
तो माईक स्टँडवरून उपटूनच घेतो.
व्यवस्था, रक्त, राख, पेटून उठा,
मागून पोरं ओरडतात, नाद खुळा भावा!
नऊ, नऊ, साडेनऊ.
रात्री तोच मला स्कूटरवरून सोडतो,
शंभर फुटीला वळताना बारीक आवाजात विचारतो,
काका, घसा पार बसलाय, काय घेऊ?
मी म्हणालो, हळद-दूध.
का हसलो ते त्याला कळलं नाही.

या महिन्यात शबनूर शिकलगार आली.
पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावं लिहिते.
हातात कागद नाही, मोबाईल नाही.
माईक तिच्या कपाळापाशी, तो खाली करायचं कुणाला सुचलं नाही.
म्हणाली,
अब्बांनी गावाच्या कात्र्यांना धार लावली,
आमच्या घरात सुतळी दातानं तोडायचे.

आणि थांबली.

दस्तगीरचा चमचा वर गेला, वरच राहिला.
सुकुमारनं तोंडात टाकलेला भडंग
चावला नाही.
पंखा, जिना, खाली कुठंतरी शटर ओढल्याचा आवाज,
आणि त्या सगळ्याच्या मधोमध मला स्पष्ट ऐकू आलं :
कट्.

पुढचं आठवत नाही, म्हणाली,
आणि जागेवर जाऊन बसली.

सात. सहा.
डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं, बाहीनं पुसलं,
पाटी उलटी करून मांडीवर ठेवली.
तेजराजनं टाळी वाजवली नाही. तो आपल्या बुटाकडे बघत होता.

पुढचा नंबर माझा होता.
मी वहीत माझ्या नावापुढं लिहिलं : पुढच्या महिन्यात.
उधारी लिहितो त्याच अक्षरात,
काना, मात्रा, रेघ सगळं जागच्या जागी.
सुकुमार म्हणाला, असं चालत नाही ओ काका.
मी म्हणालो, व्याज लाव.

जिना उतरताना कठड्यावर हात टेकला.
नखांच्या कडा पिवळ्या, रविवारीही निघत नाहीत.

घरी येऊन
ती चंद्राची कविता, अकरा वेळा घासलेली,
दिव्याखाली धरली
आणि मधोमध मोडली.

आत पांढरी निघाली.
चंद्राला शोभेल,
पण भाव येणार नाही.