पाटकऱ्याची अँजिओग्राफी

मिरजेच्या दवाखान्यात पडद्यावर
माझ्याच काळजाचे फाटे दाखवले त्यांनी.
डावीकडचा मोठा कालवा
सत्तर टक्के गाळानं धरलेला.
डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, बाबगोंडा.
मी कशाला घाबरू.
एकतीस वर्षं गाळच बघितला,
कुंडलपासून वसगड्यापर्यंत.
गाळ एका रात्रीत येत नाही.

भाची त्रिशला पुण्यात असलंच काही शिकते.
उशाशी मोसंबं सोलत म्हणाली,
मामा, पेशीत चिठ्ठ्या फिरत असतात.
चिठ्ठी वाचायची, प्रोटीन तयार करायचं.
पण कित्येक चिठ्ठ्या अशा, की त्यांच्यातनं
काहीच तयार होत नाही.
मग?
मग त्या दुसऱ्या चिठ्ठीला जाऊन चिकटतात,
म्हणतात, तू आता थांब.
आधी लोक त्यांना कचरा समजायचे.

मोसंब्याची फोड माझ्या हातातच राहिली.

मी काय पिकवलं आयुष्यात?
ऊस तोडला नाही, हळद शिजवली नाही,
पाणीही माझं नव्हतं.
खाकी शर्ट, कंदील, खिशात
सात नंबरच्या फॉर्मांची गड्डी.
ह्याचं दार पाड, त्याचं उचल,
रात्री दोनला, विंचूकाट्यातनं.
बांधावरनं शिवी यायची,
फुकट पगार खातंय बेणं.
फुकट.
आणि ज्या साली पाळी चुकली
त्या साली टेलचं शिवार वाळलं,
वरचं पाणी पिऊन पिऊन चोपण झालं.

धमनीच्या अस्तरातही तसंच, त्रिशला म्हणते.
एखादी चिठ्ठी सूज दाबून धरते.
एखादी चरबी खाणाऱ्या पेशींना सांगते, खा अजून,
त्या फेसाळतात, तिथंच बसकण मारतात.
आणि तीच चिठ्ठी दुसऱ्या जागी
बरंही करते कधी कधी.
नक्की?
नक्की नाही अजून, मामा. शोधतोय.

ते मला आवडलं.
आमच्या कुठल्याच साहेबानं
असं कधी कबूल केलं नव्हतं.

रक्ताच्या थेंबात त्या चिठ्ठ्या दिसतील का,
नस तुंबायच्या आधी,
तेही बघतायत म्हणे.
दिसतील की.
पाण्याच्या आधी पाटकरीच दिसायचा,
लांबनं, कंदिलावरनं.

उद्या जाळी बसवणार.
ती गेल्यावर मी सलाइनकडे बघत पडलो.
थेंब जरा जास्तच पडत होते.
हात आपोआप चाकाकडे गेला,
थोडं पाडलं.
सिस्टर धावत आल्या,
अहो, तुम्हाला कुणी सांगितलं?