चक्कुबंदी

रात्री साडेदहानंतर शिलाई मशिनवर खोळ घालते
आणि मोबाईल उभा करते दोऱ्याच्या रिळाला टेकवून.
गोकाककडचे कुणी निवृत्त मोजणीदार,
चष्मा कपाळावर, मागे पतपेढीचं कॅलेंडर,
कानडीतून शिकवतात :
तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे तिचे.
एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो गुंठा.
मी ब्लाऊजच्या मापांच्या वहीत
मागल्या पानावर मराठीतून उतरवते.

"काय बघालीस गं एवढं?" नवरा कुशीवरून.
"जमीन."
"मोबाईलात?"

पंचमीला भाऊ आला होता किणयेहून.
पिशवीत रताळी, रताळ्यांखाली हक्कसोडीचा कागद.
"सही तर करायची. त्यात मोजायचं काय?"
कागद कानडीत. मला कानडी वाचता येतं
हे त्याला माहीत होतं, फक्त आठवलं नव्हतं.

पूर्वक्के : मोनाप्पा कणबरकर यांची जमीन.
पश्चिमक्के : हळ्ळ.
दक्षिणक्के : गाडीवाट.
उत्तरक्के : स्वतःची उरलेली जमीन.

मोनाप्पा जाऊन तीस वर्षं झाली.
गाडीवाटेत काजू उगवलेत, मोहोरतातही.
हळ्ळ म्हणजे आमचा ओढा, एका पुरात
वीस पावलं सरकला, ते कागदाला कुणी सांगितलं नाही,
कागदात तो अजून जुन्याच जागी वाहतो.
आणि 'स्वतःची उरलेली' यापाशी
माझं बोट थांबलं. स्वतः म्हणजे कोण?

धडा अकरावा : शेजाऱ्याचा कागदही वाचावा.

आठवडाभर कचेरीत खेपा घातल्या, नक्कल मिळाली.
कणबरकरांच्या कागदात पश्चिमेला
माझा बाप उभा होता,
पूर्ण नावानिशी, खोकला नाही, काठी नाही,
कुणाच्या तरी शेताची एक बाजू होऊन.

त्याहून जुनं टिपण मोडीत होतं.
शहापुरातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी
भिंग फिरवत, अडखळत वाचलं :
'शेंदऱ्या दगडापासून फणसापावेतो,
दक्षिणेस गोजरी कोम भरमू, पाच गुंठे.'
गोजरी? हे नाव
आमच्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं.
बारशाला नाही, श्राद्धाला नाही.
पाच गुंठे कुठं मिसळले, तेही नाही.

मोजणीच्या दिवशी मल्लेश हुक्केरी आला,
काठीवर यंत्र, ते आभाळाशी बोलत होतं.
तासाभरात पडद्यावर ठिपके उमटले.
"इल्ली," तो म्हणाला, "इथं दगड पायजे."
भावानं रताळ्याचा वाफा उकरला. दोन हातांवर
पारेला खण्ण लागलं.
मातीखाली शेंदूर नव्हता, पण दगड होता.
भाऊ बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला,
मग माझ्याकडे बघितलंन, मग पुन्हा दगडाकडं.

मी पिशवीतून माझी टेप काढली,
शिवणाची नाही, मोठी, नवीन घेतलेली.
"यंत्रानं झालंय की," तो म्हणाला.
"मला हातानं बघायचंय."
त्यानं एक टोक दगडावर दाबून धरलं.
मी दुसरं घेऊन चालत निघाले,
फणस नसलेल्या फणसाच्या दिशेनं.
मधे टेप पोटाशी लोंबली, वाऱ्यानं थरथरली.

"सैल पडलीय," मी ओरडले.
"तू ओढ," तिकडून तो.
"मी ओढून काय उपयोग? तू धर घट्ट."