बर्फाची यादी

आम्हा चौघांकडे मिळून एक यादी आहे.
एकशे बारा नावं, प्रत्येकापुढे वजन,
शून्य ते दहा.
जानेवारीत समुद्र गोठला, की हीउमा बेटापासून
पलीकडच्या रोहुकुलापर्यंत पाण्यावरच रस्ता होतो,
आणि जो तो लिहायला लागतो:
बर्फ किती बोटं, भेग कुठे,
कुठला निळा, कुठला नुसताच दुधाळ.
त्यातलं कुणाचं म्हणणं वर दिसावं
ते ही यादी ठरवते.

मालक कुणी नाही.
एक यंत्र एर्कोच्या गोठ्यात, दुधाच्या टाकीमागे.
दुसरं वाचनालयात, जिन्याखाली.
तिसरं ताइमीच्या लेकाकडे, तार्तूला.
ज्याला आमचं पटत नाही त्यानं यादीची नक्कल घ्यावी,
नको ते नाव खोडावं, आपल्या दारात लावावी.
गेल्या हिवाळ्यात सात जणांनी तसं केलं.
दोघं परत आली. आम्ही विषय काढला नाही.

मापात पाप नको,
एवढा एकच नियम सगळ्यात वर लिहिलाय.
बाकी भांडणं.
ताइमी म्हणते, मास्तरांना सहाच्या वर नको,
ते खिडकीतून बर्फ बघतात.
एर्को मेहुण्याला तीन देतो
आणि रविवारी त्याच्याच घरी जेवतो.
मी बोटीच्या खिडकीवर एकतीस वर्षं तिकिटं फाडली.
मला माणसं आवाजावरून कळतात, अक्षरांवरून नाही.
म्हणून नव्या नावाला मी पाच देते
आणि मार्च येईपर्यंत थांबते.

एल्मारला दहा होते. एकट्यालाच.
तो दोन शब्द लिहायचा, फार तर चार.
‘उत्तरेला नको.’
‘आज घोडासुद्धा चालेल.’
कधी नुसतं ‘थांबा’,
आणि अख्खं बेट थांबायचं:
पावाची गाडी, पाद्री,
बाळंतपणाला निघालेली हेल्वेसुद्धा.

ऑक्टोबरात एल्मार गेला.
अंथरुणात, बर्फात नव्हे.
यादीला कुणी कळवलं नाही.
तिला मेलेलं कळत नाही,
खोडलेलं कळतं.

एकवीस जानेवारीला सकाळी
त्याच्या नावानं एक फोटो आला.
खुंटीवर लोकरीचे हातमोजे,
एकाचा अंगठा उसवलेला.
खाली अक्षर नाही.
नात असणार, केर्तू; फोन तिच्याकडे राहिलाय.
दहाचं वजन, फोटो चढला सगळ्यात वर.
त्याच्या पाठोपाठ शाळेची, चर्चची, लोकांची हळहळ,
आणि या सगळ्याखाली कुठेतरी मास्तरांची ओळ:
‘सातव्या खुणेपाशी भेग. हात जाईल एवढी.’
ती लोकांनी साडेअकराला वाचली.

कुणी बुडालं नाही. आधीच सांगून टाकते.
पावाच्या गाडीचं मागचं चाक ओलं झालं, एवढंच.
चालवणाऱ्यानं पट्टा लावला नव्हता;
बर्फावर आमच्याकडे तशीच रीत.

रात्री आम्ही बसलो,
आपापल्या घरी, आपापल्या दिव्यापाशी.
एर्को म्हणाला, नाव काढू. यादी म्हणजे थडगं नव्हे.
ताइमी म्हणाली, पाच ठेवू, मान म्हणून.
उर्मास नेहमीप्रमाणे झोपला होता.
मी म्हटलं, शून्य. पण नाव राहू दे.
एक ओळ जाईल.
तेवढी परवडते आपल्याला.

बदल केला की कारण लिहावं लागतं.
‘आता बर्फाबद्दल बोलत नाही’ असं लिहिलं, पुसलं.
‘मयत’ लिहिलं, पुसलं.
शेवटी नुसती तारीख टाकली.
गोठ्यात लगेच पोचली, जिन्याखाली पोचली.
तार्तूला एल्मार आणखी चार मिनिटं
दहाच्या वजनाचा होता.

आता तो तळाशी असतो.
रोज रात्री मी बोटानं सरकवत
शंभर-सव्वाशे ओळी उतरते.
काल तिथे तेच मोजे होते.
अंगठा शिवलेला, लाल दोऱ्यानं, जरा वाकडा.

मास्तरांना सात केलेत.
ताइमीला अजून सांगितलेलं नाही.