वरची मर्यादा

शारजात, रोला चौकामागच्या गल्लीत,
पासपोर्ट-फोटोच्या दुकानाला लागून माझं टायपिंग सेंटर.
पानाला पंधरा दिरहम, अरबी हवं तर पंचवीस.
ऑगस्टात इथे काचेला बाहेरून घाम फुटतो.

रिसबूडबाई दुपारी दीडला आल्या,
हातात पिशवी, पिशवीत चोवीस वर्षं.
विद्यापीठाला संशोधनाची नोंद हवी होती,
त्यांच्या नमुन्यात, त्यांच्या रकान्यांत, गुरुवारच्या आत.
"दापोलीकडचे का हो तुम्ही?"
नावावरून नाही, माझ्या 'ळ'वरून ओळखलं.
म्हटलं, दाभोळ. खाडीच्या अलीकडे.

मग बडवत गेलो.
न्यूट्रिनो, सूर्यातून निघालेले.
न्यूट्रिनो, फुटलेल्या ताऱ्यातून निघालेले.
कुठून निघाले तेच न कळलेले.
एक प्रयोग बर्फाखाली, एक बंद पडलेल्या खाणीत,
एक समुद्राच्या तळाला, काचेचे गोळे दोरीत ओवून सोडलेले,
आमच्याकडे जाळ्याला बोये असतात तसे, फक्त उलटे.
लेखक दोनशे अडुसष्ट. बाई एकशे त्र्याण्णवाव्या.
रकाना विचारायचा: प्रमुख लेखक? होय / नाही.
"नाही," बाई म्हणाल्या. सतरा वेळा म्हणाल्या.

बाकड्यावर गुलरेझ, त्याच्या लायसनसाठी खोळंबलेला.
हे असतं तरी काय, त्यानं विचारलं.
बाईंनी त्याला अंगठा वर करायला लावला.
"तुम्ही विचारलंत तेवढ्यात या नखातून अब्जावधी गेले."
न थांबता?
"न थांबता."
व्हिसाशिवाय?
बाई इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला.
तो मात्र बराच वेळ नख बघत बसला.

निष्कर्षाचं पान आलं.
चूक राहू नये म्हणून मी मोठ्यानं वाचतो:
आढळले नाही.
आढळले नाही.
अपेक्षेपेक्षा अधिक आढळले नाही.
शेवटी न राहवून म्हणालो, बाई, हे द्यायचंच का?
चोवीस वर्षांत हाताला काही लागलं नाही, म्हणतील.

त्यांनी चहाचा पेला सरकवला.
"नुसतं 'नाही' नसतं लिहायचं, परकार.
किती पाण्यात पाहिलं, किती दिवस पाहिलं,
यंत्र बंद होतं ते दिवस वजा करून.
आणि असलंच, तर याहून जास्त नसणार,
ही वरची मर्यादा.
पुढच्यानं तिच्याखाली शोधायचं."

मी आकडा टाइप केला.
चार हजार एकशे बारा दिवस.
वजा बासष्ट: वीज गेली, पंप बिघडला.

बाबा तांडेल होते 'रहमानी' फत्तेमारीवर.
एकोणसत्तर साली दुबईच्या खोरातून निघाले,
कागदावर माल म्हणून खजूर.
बंदरखात्याचं उत्तर आलं, दोन शब्दांचं: पत्ता नाही.
किती दिवस शोधलं, किती मैल,
कुणी होडी तरी नेली का,
त्याला रकानाच नव्हता.
मां दर ईदला ती घडी उलगडायची
आणि कागद उलटा करून मागची बाजू बघायची.

बाईंनी पैसे दिले, सुटे नव्हते, पाच वर राहिले.
जाताना म्हणाल्या, अरबीत न्यूट्रिनोला काय लिहिलंत?
म्हटलं, न्यूट्रिनोच. फक्त उजवीकडून येतो.

रात्री शटर अर्धं ओढलं, नवीन पान उघडलं.
इस्माईल दाऊद परकार, तांडेल, दाभोळ.
निरीक्षणाचे दिवस: छप्पन्न वर्षं, गुणिले...
वजा, ज्या दिवशी आठवणच आली नाही ते.
ते किती, काही केल्या बसेना.
मोजणी तिथेच सोडली. फाइलला नाव सुचेना,
मशीननं आपलंच दिलं:
दस्तऐवज १.