थोराबाईंची फाइल

फेरीबोट बंद, वाऱ्याचा तिसरा दिवस.
वेस्ट्रे बेटावरच्या शाळेत सात मुलं, मी,
आणि थोराबाईंनी निवृत्त होताना पाठवलेली लिंक.

उघडली. रंगीत टॅबांची डिजिटल फाइल:
अपूर्णांक, सील, ज्वालामुखी,
सगळ्यात खाली ‘मॅग्नस रडला तर’.

आत एकच व्हिडिओ,
बंदरातली क्रेन मासे उतरवतेय,
अकरा मिनिटं. आवाज नाही.

निम्म्या लिंका मेलेल्या.
रात्री एकेक उपटून नवी लावते.
मॅग्नस आता बावीसचा, त्याच क्रेनवर कामाला.
टॅब ठेवला. नाव बदललं:
‘कुणीही रडलं तर’.

सँडे बेटावरच्या नव्या मास्तरांना फाइल धाडली.
सकाळी उत्तर:
‘आमच्या इंगाला चालली.
फक्त ती विचारते,
आवाज कुठे गेला?’